सोमवारी सलून बंद

महाराष्ट्रात बहुतेक सलून सोमवारी बंद असतात आणि बहुतेक माणसं घरी डाय लावतात ती रविवारी. ही सांगड कोणी घातली ठाऊक नाही, पण मोठ्या दूरदृष्टीने घातली आहे. रविवारी पोहे आटोपले की खोकं फुटतं, बाराच्या सुमारास डोकं धुऊन होतं, एक वाजता आरशापुढून दबका उद्गार येतो, आणि मंगळवारी सकाळी न्हाव्याचं शटर वर जाईपर्यंत माणूस आणि त्याचं डोकं एकमेकांच्या तावडीत सापडतात. केस खरे बिघडतात ते या मधल्या काळात. डायने केलेलं नुकसान बहुतेक वेळा किरकोळ असतं. बाकीचं दुरुस्ती करते.

या विषयाचा अभ्यास सोसायटीतल्या काकांपासून सुरू करावा. नुकतेच निवृत्त झालेले, येत्या गुरुवारी पुतण्याचं लग्न, आणि ‘न्हाव्याला कशाला पैसे द्यायचे, कालवायचं आणि फासायचं’ हा शोध याच आठवड्यात लागलेला. दुकानात ते ‘नॅचरल ब्लॅक’ मागतात. वास्तविक आपल्याकडचे काळे केससुद्धा उन्हात धरले तर तपकिरी झाक मारतात. खोक्यातला काळा मात्र भर दुपारीही काळाच राहतो. त्यामुळे साठीच्या समंजस चेहऱ्यावर एकाएकी बावीस वर्षांचं डोकं येऊन बसतं आणि दोघांचं काही केल्या पटत नाही. मुरलेला न्हावी म्हणूनच पिकलेल्या डोक्याला काळा देत नाही, गडद तपकिरी देतो, आणि गिऱ्हाइकाला मात्र ‘काळाच लावलाय’ म्हणून सांगतो.

खोक्यात माहितीपत्रक असतं. त्यात सगळं लिहिलेलं असतं, फक्त फार बारीक अक्षरांत. ते वाचायला चष्मा लागतो आणि डाय लावताना चष्मा काढून ठेवलेला असतो, कारण मागच्या खेपेला त्याच्या काड्या काळ्या झाल्या होत्या. तेव्हा काका अंदाजाने चालतात. अर्धा तास ठेवा म्हटलं असेल तर ते एक तास ठेवतात. कुकरला तीन शिट्ट्या सांगितल्या तर पाच घेणाऱ्या घरातले ते. जास्त वेळ ठेवला की जास्त दिवस टिकणार, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही. शिवाय मुळं पांढरी झालेली असताना ते रंग लावतात सगळ्या केसांना, टोकापर्यंत. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, म्हणजे रंगाची गरज असते तेवढ्या पट्ट्याला. पण वाटीत कालवलेलं वाया कसं घालवायचं? मग आधीच काळ्या असलेल्या केसांवर आणखी एक थर चढतो, दोन-चार महिन्यांत टोकं मुळांपेक्षा काळी होतात, आणि तरी वाटीत उरतंच. ते मिशीला लागतं.

त्यातूनही उरलं तर काका ते झाकणाच्या बाटलीत भरून पुढच्या महिन्यासाठी ठेवतात. हे करू नये असं पत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं, कारण कालवलेल्या डायमधून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बंद बाटली फुगून फुटू शकते. पण मराठी घरात उरलेलं फेकायचं म्हणजे कोणाचा तरी अपमान केल्यासारखं वाटतं.

“अहो, इकडे बघा बरं. कपाळाला काय झालंय?”

“काय झालंय?”

“टोपी घालून बसल्यासारखं दिसतंय. आणि हा कान? कान कोणी सांगितला होता तुम्हाला?”

काकू कापसाचा बोळा आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन काकांना स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उजेडात बसवतात. बोळा कपाळावर गोल फिरतो, करडा होतो, मग काळपट; डाग मात्र काळ्याचा जांभळट होऊन तिथेच. एवढ्यात शेजारचे येतात आणि सूचनांना सुरुवात होते. कोणी टूथपेस्ट सुचवतं, कोणी लिंबू, कोणी नेलपेंट काढायचं पाणी, आणि एक जण भांड्याची घासणी घेऊनच आलेला असतो. यातली टूथपेस्ट थोडीफार चालते, कारण तिच्यात बारीक खरखरीत पूड असते. तेल आणि सौम्य साबण सगळ्यांत बरे. थिनर, रॉकेल, घासणी यांनी डाग जात नाही, कातडी जाते, आणि लग्नाच्या फोटोत काळ्या कपाळाऐवजी लाल कपाळ येतं. तसा तो डाग बसलेला असतो कातडीच्या सगळ्यांत वरच्या थरावर. तो थर काही दिवसांत आपोआप झडतो. डाय लावण्याआधी कपाळाच्या कडेने आणि कानांना व्हॅसलीन फासलं असतं तर हा प्रसंगच आला नसता. पण व्हॅसलीन हे थंडीत ओठांना लावायचं असतं, अशी काकांची समजूत असते.

मिशीनंतर काकांची नजर भुवयांकडे वळते. इथे मात्र थांबावं. भारतात अशा डायच्या खोक्यावर इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत इशारा छापणं कायद्यानेच सक्तीचं आहे: आधी थोडासा लावून चाचणी घ्या, आणि भुवयांना किंवा पापण्यांना लावू नका, दृष्टी जाऊ शकते. चाचणी म्हणजे आदल्या दिवशी कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून चोवीस तास वाट पाहायची. एवढा धीर ज्याच्याकडे आहे तो माणूस बहुधा केसच रंगवत नाही. पण डोकं खाजायला लागलं, पापण्या सुजल्या, पुरळ उठलं, तर तिथे गंमत संपली. डोकं भरपूर पाण्याने धुवावं आणि डॉक्टर गाठावा. त्याच्यावर लिंबू-दही चालत नाही.

एवढा हट्टी रंग येतो कुठून? ट्यूबमधून तो काळा येतच नाही. क्रीम बाहेर पडतं ते फिकं, आणि वाटीत कालवल्यावर डोळ्यांदेखत काळवंडायला लागतं. त्यातला अमोनिया केसावरचे खवले उचलतो. पॅरा-फिनिलिनडायमिन, म्हणजे माहीतगार ज्याला पीपीडी म्हणतात, त्याचे लहान, बिनरंगी रेणू आत शिरतात. हायड्रोजन पेरॉक्साइड त्यांना एकमेकांत जोडून मोठे आणि काळे करतं. आत आले तेव्हा दारातून मावत होते, आता मावत नाहीत. हे रसायन हवेने किंवा पेरॉक्साइडने काळं पडतं, हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑगस्ट हॉफमन यांनी 1863 साली नोंदवलं. 1907 साली पॅरिसमध्ये युजेन श्युलर नावाच्या तरुण रसायनतज्ज्ञाने केसांचे कृत्रिम रंग तयार करून तिथल्या केशकर्तनकारांना विकायला सुरुवात केली. त्याच्या धंद्याची पुढे लोरियाल कंपनी झाली. तेव्हापासून आजवर खोक्यावरच्या बायका बदलल्या, आतली युक्ती तीच आहे. आणि ही जोडाजोड पत्रकात दिलेल्या वेळातच बहुतेक आटोपलेली असते. काकांनी जास्तीचा दिलेला अर्धा तास केस नुसते कोरडे होत होते.

आता दुरुस्ती क्रमांक एक. केस फार काळे झाले म्हणून काका संध्याकाळी तपकिरी डाय आणतात आणि काळ्यावर लावतात. गणिताने हे बरोबर वाटतं. पण रंगावर रंग चढवल्याने आधीचा रंग उतरत नाही. लावल्यावर केस पहिल्यापेक्षा जास्त काळे दिसतात आणि काका दुकानदाराला फोन करतात की माल डुप्लिकेट आहे. काळा उतरवायचा साधा मार्ग कंटाळवाणा आहे: कोंड्याचा कडक शाम्पू, कोमट पाणी, पुन्हा शाम्पू, दोन-तीन दिवस. ताज्या डायचा थोडा भाग त्याने नक्की जातो. व्हिटॅमिन सीच्या गोळ्या कुटून शाम्पूत कालवण्याचा उपाय ऐकायला आजीबाईच्या बटव्यातला वाटला, तरी त्यात तथ्य आहे. ते आम्ल जोडलेले रेणू थोडेबहुत सुटे करतं. हेच काम नेटाने करणारे ‘कलर रिमूव्हर’ बाजारात मिळतात. त्यांची एक गोम आहे. सुटे झालेले रेणू केसातच असतात, आणि ते पुष्कळ पाण्याने, पुष्कळ वेळ धुऊन काढले नाहीत तर हवा लागून पुन्हा जुळतात. मग रात्री बदामी झालेलं डोकं सकाळी काळं होऊन उठतं. टाकीतलं पाणी नऊ वाजता बंद होणाऱ्या इमारतीत हा उपाय सुरू करण्याआधी घड्याळ बघावं.

काकांच्या बाबतीत एक बरं असतं. त्यांचे केस दोन बोटं लांब. महिन्या-दीड महिन्यात निम्मी चूक न्हाव्याच्या दुकानात जमिनीवर पडते.

काळ्याची ही तऱ्हा, तर बरगंडीची वेगळी. गेली कित्येक वर्षं मध्यमवर्गीय महाराष्ट्रात बरगंडीइतकं प्रेम दुसऱ्या रंगाला लाभलेलं नाही. खोक्यावरच्या बाईचे केस वाइनसारखे लालसर चमकत असतात. शेजारी एक आकडा असतो, समजा 3.16, तो कोणी वाचत नाही, आणि खरी माहिती तिथेच असते. टिंबाआधीचा आकडा रंग किती गडद ते सांगतो, 1 म्हणजे काळा आणि 10 म्हणजे अगदी फिका. टिंबानंतरचे आकडे झाक सांगतात, त्यात 6 लालसाठी. म्हणजे हा गडद तपकिरी आणि वर लालाची झाक. तो काळ्याभोर केसांवर लावला तर उन्हात उभं राहिल्याशिवाय दिसत नाही. पण तोच कानशिलांवरच्या आणि भांगातल्या पांढऱ्या केसांना लागला तर तिथे मूळचा काही रंगच नसतो, त्यामुळे लाल जो काय आहे तो सगळा उघडा पडतो. परिणामी मागून बाई पूर्ववत, समोरून भांगात आणि कानांपाशी गुलाबी-जांभळा उजेड. वहिनी घाबरून तो पुसायला पुन्हा बरगंडीच लावतात, “आता तरी सगळीकडे सारखा होईल” म्हणून. होत नाही. तेवढ्या पांढऱ्या भागाला लालाची झाक नसलेला साधा तपकिरी लावला की प्रकरण निवतं. पांढरे केस जास्त असतील तर अनुभवी माणूस बरगंडीत आधीच निम्मा साधा तपकिरी मिसळतो.

कॉलेजातल्या चिरंजीवांची पायरी याच्या पुढची. त्यांना राखाडी हवा असतो, कोरियन गायकांसारखा. त्यासाठी आधी ब्लीच. काळ्या केसातलं मेलॅनिन पेरॉक्साइडने एकदम पांढरं होत नाही. ते लाल-तपकिरीवर येतं, मग तांबडं, मग नारिंगी, मग पिवळं. घरगुती ब्लीचची हिंमत आणि पुडी नारिंगीपर्यंत पोचून संपते. घरातले म्हणतात, “हे काय गंजल्यासारखं?” आजी मात्र शांत असते, कारण पिवळेपणावरचा इलाज तिने जन्मभर केलेला असतो. पांढऱ्या धोतराला नीळ द्यायची ती याचसाठी. पिवळ्याला जांभळा मारतो, नारिंगीला निळा, लालाला हिरवा. सलूनमध्ये जो महागडा जांभळा शाम्पू मिळतो त्याचं काम हेच, आणि पिकल्या केसांचा पिवळेपणा जावा म्हणून इंग्लंड-अमेरिकेतल्या आज्या एके काळी डोक्याला जी निळी झाक देत, तीही नीळच. जास्त झाली की धोतरासारखंच व्हायचं. चिरंजीवांनी एवढं ऐकून थेट कपड्याच्या निळीची बाटली उचलू नये. ती डोक्यासाठी बनवलेली नाही. आणि पिवळ्यावर निळा पडला की हिरवा होतो, हे चित्रकलेच्या तासाला ऐकलेलं तेव्हाच आठवावं.

हिरव्या केसांना साहित्यातही जागा आहे. कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर घडणाऱ्या 1908 सालच्या ‘ॲन ऑफ ग्रीन गेबल्स’ या कादंबरीत लाल केसांना वैतागलेली ॲन दारावर आलेल्या फेरीवाल्याकडून काळ्या रंगाची बाटली घेते आणि केस हिरवे करून बसते. आठवडाभर साबणाने धुणं चालतं आणि शेवटी कात्री. लेखिका ल्यूसी मॉड माँटगोमेरी यांनी या प्रकरणात एकही घरगुती उपाय यशस्वी होऊ दिला नाही, यावरून त्यांचा या विषयाचा अभ्यास दिसतो. आपल्याकडे पंचतंत्रातला कोल्हा रंगाऱ्याच्या निळीच्या पिंपात पडला तो त्याहून किती तरी आधी, पण त्याने दुरुस्तीचा प्रयत्न केला नाही, थेट राज्य करायला घेतलं. 2017 साली नवी मुंबईत तळोज्याच्या औद्योगिक भागात खरोखरीच निळी कुत्री फिरताना दिसली, तेव्हा रंग सोडणाऱ्या कारखान्यावर प्रदूषण मंडळाची कारवाई झाली. त्या कुत्र्यांनी मात्र कसलाही दावा केला नाही.

दावा केला तो गेऱ्हार्ड श्रोडर यांनी. 2002 साली जर्मनीचे चॅन्सेलर असताना, ते कानशिलांवरचे पांढरे केस रंगवतात असं सुचवणारं वाक्य एका वृत्तसंस्थेने छापलं. श्रोडर कोर्टात गेले आणि ते वाक्य पुन्हा छापायला हॅम्बुर्गच्या न्यायालयाने मनाई केली. एका माणसाच्या कानशिलांचा रंग न्यायालयाच्या दप्तरी नैसर्गिक ठरला, असं भाग्य आपल्याकडच्या कुठल्याही काकांना लाभलेलं नाही. उलट टोकाला न्यूयॉर्कचे माजी महापौर रूडी जुलियानी. नोव्हेंबर 2020 मधल्या पत्रकार परिषदेत घाम आला आणि दोन्ही गालांवरून काळे ओघळ उतरू लागले. तो डाय होता की वरून मारलेला मस्कारा, यावर केशकर्तनकारांनी नंतर वर्तमानपत्रांतून मतं दिली. निवडणुकीविषयी ते काय बोलले हे फार थोड्यांना आठवतं.

मेंदीवाल्यांना वाटतं आपण या सगळ्याच्या पलीकडचे. राजस्थानातल्या सोजतची मेंदी, जिला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळालं, लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात रात्रभर भिजवायची, आवळा घालायचा, सकाळी हातमोजे न घालता लावायची आणि आठवडाभर केशरी नखांनी भाजी घ्यायची. यातली लोखंडी कढई उगीच नाही. चहा-आवळ्यातलं टॅनिन आणि लोखंड मिळून काळपट होतं, जुन्या काळी शाई अशाच मेळातून होत असे. तरी पांढऱ्या केसांवर मेंदी नारिंगी येते ती येतेच. म्हणून काही जण मेंदीनंतर निळीच्या पानांची पूड लावतात, आणि ही जोडी खरोखर काळसर तपकिरी रंग देते. गोची अशी की धुतल्याबरोबर केसांवर हिरवट झाक दिसू शकते. निळीचा रंग हवेत मुरायला एखाद-दोन दिवस लागतात. सोमवारी संध्याकाळपर्यंत हिरवट झाक आपोआप गेली असती. पण रविवारी दुपारी हिरवं डोकं घेऊन गप्प बसणारा माणूस जन्माला यायचा आहे. तो लगेच वर डाय लावतो.

‘काळी मेंदी’ हा तर वेगळाच प्रकार. पुडीवर पानं काढलेली, नावात हर्बल, आणि मागे घटकांच्या यादीत पुष्कळदा तेच पीपीडी. मेंदीने कोणाचं डोकं एका तासात काळं होत नाही. झालं तर ती मेंदी नव्हे.

अशा रीतीने मंगळवार उजाडतो आणि मंडळी पार्लर गाठतात. काकू ओढणी डोक्यावरून घेऊन, कोपऱ्यातल्या खुर्चीत. पार्लरवाली ताई ओढणी बाजूला करते, केसांची एक बट उजेडात धरते आणि आरशातून काकूंकडे बघते.

“काकू, आधी काय लावलं होतंत?”

“काही नाही गं. नुसती मेंदी.”

“साधी की काळी?”

“काळी. पण हर्बल होती.”

“त्याच्यावर?”

“त्याच्यावर जरासं बरगंडी. जरासंच.”

“आणि ते उतरवायला?”

“खायचा सोडा. आणि लिंबू.” थोडं थांबून, “अर्धंच.”

ताईला हा सगळा इतिहास उगीच नको असतो. काही जुन्या कलपांत आणि पुड्यांत धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस गरम होतात, तुटतात. सोड्याने खवले उघडे पडलेले असले तर नवा रंग एकीकडे जास्त बसतो, एकीकडे कमी. म्हणून ती मागच्या बाजूचे चार केस कापून वाटीत वेगळे रंगवून बघते. गिऱ्हाईक मात्र तिच्यापासून लपवतं, पथ्य मोडलेला रोगी डॉक्टरांपासून लपवतो तितक्याच निरागसपणे. चार केसांनी काय ते खरं सांगितल्यावर ती दोन वाट्यांत दोन रंग कालवते. मुळांना वेगळा आणि टोकांना वेगळा, कारण टाळूच्या उबेने मुळांशी रंग लवकर चढतो. तिच्या हातात ब्रश असतो, काकूंच्या हातात मोबाइल, आणि मोबाइलवर बहिणीने पाठवलेला कांद्याच्या रसाचा व्हिडिओ.

तीन तासांनी काकू आरशात बघतात. केस पूर्वी होते तसे दिसतात, किंबहुना थोडे बरेच. दीडशे रुपयांच्या खोक्यापायी चार आकडी बिल झालेलं असतं. ते त्या दोनदा वाचतात, पर्स उघडतात, नोटा मोजून ठेवतात आणि दारापाशी जाऊन परत येतात.

“ताई, तो टोकांना लावलास ना, त्याचा नंबर तेवढा लिहून दे गं. पुढच्या वेळी घरीच लावीन म्हणते.”